वाचकांचे प्रश्न: ट्रेलरवर बोट नेताना मोटरला टेकू कशाचा द्यायचा?

प्रश्न: नमस्कार, माझी १६ फुटी फायबरची बोट आहे, मागे ४० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून बसवलेली मोटर. ट्रेलरवर नेताना मोटर पूर्ण वर उचलतो आणि बाजूची ती छोटी टिल्ट लॉकची, म्हणजे उचललेली मोटर वरच अडकवायची, खिट्टी लावतो, इतकी वर्षं काही झालं नाही, पण परवा गतिरोधकावर आरशात बघितलं तर मोटर नंदीबैलासारखी मान हलवत होती. एक मित्र म्हणतो खालून दांडा लाव, दुसरा म्हणतो दांड्यानेच गिअरकेस, म्हणजे मोटरच्या पाण्यात जाणाऱ्या पायाची गिअरची पेटी, फुटते. कुणाचं ऐकू?

उत्तर: दोघांचंही थोडं थोडं ऐका, पण आधी ती खिट्टी डोक्यातून काढा. ती उभ्या बोटीसाठी आहे हो, म्हणजे बोट किनाऱ्याला बांधून ठेवलीये आणि हायड्रॉलिकचं प्रेशर उतरून मोटर हळूहळू खाली येऊ नये, एवढंच तिचं काम. रस्त्यावर ओढताना हिच्या भरवशावर राहू नका असं मोटरच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं, फक्त ते पान कुणी उघडत नाही. ४० चं फोर-स्ट्रोक म्हणजे १०० किलोच्या आसपास वजन, खड्ड्यात ते उसळलं की खिट्टी सुटू शकते, आणि मग अख्खी मोटर दाणकन खाली.

आता पहिला प्रश्न मी तुम्हाला विचारतो, मोटर वर उचलायची गरज आहे का खरंच? सरळ उभी असली की ती स्वतःच्या ब्रॅकेटवर नीट टेकलेली असते, तिला टेकूबिकू काही लागत नाही, आणि कंपन्याही जमेल तिथे तसंच न्या म्हणतात. अडचण एकच, खालचा स्केग, म्हणजे मोटरच्या तळाचा पातळ पंख, रस्त्याला लागतो. सपाट जागेवर मोजून फसू नका, चढाला लागताना ट्रेलरची शेपूट खाली जाते आणि तिथेच घासतं. मी तर सपाटीवर फूटभर मोकळं दिसल्याशिवाय सरळ ठेवत नाही.

तेवढी जागा नसेल तर मग दांडा, म्हणजे बाजारात ज्याला ट्रान्सम सेव्हर म्हणतात तो. नावावर जाऊ नका. बोटीची मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, ४० हॉर्सपॉवरचा धक्का आणि लाटांचे दणके रोज खाते, ती धडधाकट असेल तर रस्त्याने मोडत नाही. माझ्या मते दांडा खरं वाचवतो ते टिल्टचं सामान, हायड्रॉलिक सिलिंडर, त्याचे सील, पिना. एक टोक ट्रेलरच्या मागच्या आडव्या पाइपवर किंवा मागच्या रोलरच्या ब्रॅकेटवर बसवायचं, दुसऱ्या टोकाला रबर लावलेला व्ही आकाराचा खोबणा असतो, तो मोटरच्या पायाखाली घ्यायचा, वर उचलल्यावर पायाची जी पुढची कड खाली येते ना तिच्याखाली, आणि वरून रबरी पट्टा. मग ट्रिमचं, म्हणजे मोटर वर-खाली करायचं, बटण दाबून मोटर अलगद त्याच्यावर टेकवायची. टेकली की बटण सोडा! दाबत राहिलात तर पंप भलताच जोर लावतो आणि दांडा वाकतो नाहीतर ट्रेलरचा ब्रॅकेट.

आता दुसऱ्या मित्राचं. तो चुकीचं बोलत नाहीये, पण दोष दांड्याचा नाही, पट्ट्यांचा आहे. बरेच जण पुढे विंचला, म्हणजे ट्रेलरवरच्या बोट ओढायच्या चरकाला, बोट अडकवतात आणि झालं समजतात, मागे काहीच बांधलेलं नसतं, मग खड्ड्यात बोट ट्रेलरवरून उचलली जाते आणि परत आपटते, दांडा मात्र ट्रेलरला घट्ट, म्हणजे प्रत्येक आपटीला खालून गिअरकेसला हातोडा. बोटीच्या मागच्या दोन्ही कड्यांना रॅचेट पट्टे लावून ट्रेलरच्या फ्रेमला ताणून बांधा, बोट आणि ट्रेलर एकच जिन्नस झाला पाहिजे. थोडं अंतर गेलं की थांबून परत आवळा, पट्टे बसतात.

ट्रेलर फार लवचिक असेल किंवा मागे दांड्याला जागाच नसेल तर टिल्ट सिलिंडरच्या बाहेर आलेल्या रॉडवर बसणारे अडसर मिळतात, तेही चांगले. फक्त रॉडवर लोखंडी पाइप घालून जुगाड करू नका, रॉडला ओरखडा पडला की सील गेलं. आणि यात मोटर डावी-उजवीकडे डोलते, त्यामुळे स्टिअरिंग बांधून टाका.

एक माझा गाढवपणा सांगतो. रॅम्पवर मागे रांग लागलेली, घाईघाईत बोट पाण्यात ढकलली आणि सवयीने मोटर खाली घ्यायचं बटण दाबलं, दांडा तसाच खाली होता. वाकून पार कोयता झाला त्याचा, नशिबाने मोटर वाचली. तेव्हापासून दांडा लावला की मोटरच्या किल्लीला लाल फडकं बांधतो. बायको हसते, हसू दे.

प्रश्न: माझी ५ हॉर्सपॉवरची क्लॅम्पवाली छोटी मोटर आहे, तिलाही हे सगळं करायचं का?

उत्तर: छे, काढून गाडीत टाका. क्लॅम्पचे स्क्रू हादऱ्याने सैल होतात. आधी उभी धरून आतलं पाणी निथळू द्या, पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद करा. फोर-स्ट्रोक असेल तर कुठल्या कुशीवर निजवायची ते बॉडीवर किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेलं असतं, उलट निजवली की ऑइल नको तिथे शिरतं.

प्रश्न: जुनी बोट घेतोय. ट्रान्सम चांगला आहे हे कसं ओळखू?

उत्तर: मोटर अर्धवट उचलून तिच्या पायावर हाताने जोर द्या, खाली-वर हलवा, आणि नजर ट्रान्समवर ठेवा. मोटर हलताना फळीसुद्धा श्वास घेतल्यासारखी आतबाहेर होत असेल तर गडबड आहे. कोपऱ्यात तडे बघा, हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा, चांगल्या जागी टणक आवाज येतो आणि कुजलेल्या जागी बद्द. जुन्या फायबर बोटींत आत बऱ्याचदा प्लायवूड असतं, बोल्टच्या भोकातून पाणी शिरून ते सडतं. बोल्ट सैल केल्यावर भोकातून काळपट पाणी आलं तर दांडा वगैरे नंतर बघू, आधी ट्रान्समचं काम काढा.