गंगेवरच्या तुझ्या विद्यार्थ्याबद्दल

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांचं नाशिकला रामकुंडाजवळ पूजासाहित्याचं दुकान, पोरगा लहानपणापासून गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, यात्रेकरूंच्यात वाढलेला. हिंदी-गुजराती तर आहेच, पण तेलुगू आणि कन्नडही फाडफाड बोलतो. आणि पन्नासच्या नोटेतून तीस रुपये घेऊन सुट्टे किती द्यायचे ते कळत नाही. कपालेश्वर मंदिरापासून मालेगाव स्टँडपर्यंत एकटा गेला तर परत येता येत नाही. तू विचारतेस, इतक्या भाषा येतात तर बाकीचं का येत नाही? आणि २०२७च्या सिंहस्थात त्याला यात्रेकरूंच्या मदतीला उभं करू का?

बाकीचं येत नाही, कारण भाषा ही त्याच्यात बाकीच्या बुद्धीपासून वेगळी शक्ती असावी. असं घडू शकतं. इंग्लंडमधल्या ख्रिस्तोफर नावाच्या माणसाचं उदाहरण भाषाशास्त्रात प्रसिद्ध आहे. नील स्मिथ आणि इयान्थी-मारिया त्सिम्पली या भाषाशास्त्रज्ञांनी त्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्याला पंधरा-वीस भाषा कमी-अधिक वाचता-बोलता येत होत्या, तरी स्वतःची देखभाल जमत नसल्याने तो आधारगृहात राहायचा. त्याचा अशाब्दिक बुद्ध्यांक (शब्दांवर न विसंबता मोजलेली बुद्धी) वेगवेगळ्या चाचण्यांत ४२ ते ७६ निघाला. मण्यांच्या दोन सारख्या ओळींपैकी एक लांब पसरली की तो म्हणायचा, हिच्यात जास्त मणी आहेत. तू शेंगदाण्यांच्या दोन ओळी मांडून बघ, म्हणजे तुझ्या विद्यार्थ्याचं कुठे अडतं ते समोर दिसेल. त्याला आळशी म्हणू नकोस, आणि घरच्यांनाही म्हणू देऊ नकोस. "तेलुगू येतं, मग हिशेब का येत नाही?" हे वाक्य त्या घरात रोज बोललं जात असणार. ते आधी थांबव.

आता त्याची भाषा नीट ऐक. ठरावीक वाक्यं पाठ म्हणणं वेगळं आणि नवं वाक्य जुळवणं वेगळं. दुकानात कधीच लागणार नाही असं काहीतरी विचार: काल रात्री स्वप्न पडलं का, भाऊ का रडत होता. तिथे तो स्वतःचं वाक्य करतो का ते बघ. ख्रिस्तोफर शब्द आणि त्यांची रूपं झपाट्याने उचलायचा, वाक्याची बांधणी मात्र पुष्कळदा इंग्रजीचीच राहायची. तुझ्या विद्यार्थ्याची तेलुगू यावर तपासायला अवघड आहे, कारण मराठीसारखं तेलुगूतही क्रियापद शेवटी येतं. मराठी साच्यात तेलुगू शब्द बसवले तरी बरंचसं खपून जातं. म्हणून त्याला थोडं इंग्रजी शिकव. तिथे क्रियापद मधे येतं. तो ते मधे ठेवतो की शेवटी ढकलतो, यावरून तुला खूप काही कळेल.

सिंहस्थाचं माझं उत्तर स्पष्ट आहे: गर्दीत उभं करायचं नाही. मदतीला येणारा माणूस पहिला प्रश्न रस्त्याचा विचारतो, आणि तिथेच हा मुलगा हरवतो. एखाद्या धर्मशाळेत ठरलेली खुर्ची, शेजारी कायम एकच ओळखीचा माणूस, पैशाचं काम त्या माणसाकडे, बोलण्याचं याच्याकडे, असं जमत असेल तर जरूर कर. आत्तापासून आठवड्यातले दोन तास बसवून सवय लाव. त्याला मानधन मिळालंच पाहिजे. कौतुकावर राबवून घेणं मला मान्य नाही. आणि गिऱ्हाइकांसमोर "हे म्हणून दाखव, ते म्हणून दाखव" हा खेळ बंद. तो हसतो म्हणून त्याला आवडतं असं धरून चालू नकोस.

दिव्यांगत्वाच्या दाखल्याची भीती मला समजते. मुलगा छान बोलतो म्हणून प्रमाणपत्र नाकारतील, असं आईला वाटतंय. २०१६च्या दिव्यांग कायद्यात बौद्धिक अक्षमतेच्या व्याख्येत रोजच्या व्यवहारातली कौशल्यंही धरलेली आहेत. म्हणून सिव्हिलला जाताना वही घेऊन जा. शर्टाची बटणं, आंघोळ, सुट्टे पैसे, रस्ता, औषध वेळेवर घेणं, यातलं काय एकट्याला जमतं आणि कशाला माणूस लागतो, ते तारखेसह लिहिलेलं असू दे.

रोजचं शिकवणं मात्र भाषेच्या जोरावर होईल अशी आशा धरू नकोस. बटणं ही बटणांसारखीच शिकवावी लागतात, पायरीपायरीने. हिशेबाऐवजी आधी नोटा ओळखणं, मग ठरलेल्या वस्तूला ठरलेली नोट, एवढंच घे. आणि भाषा बक्षीस म्हणून रोखून धरू नकोस. "आधी बेरीज, मग तेलुगू" असं करशील तर त्याच्या दिवसातला सगळ्यात चांगला तास तूच काढून घेशील.

त्याला लिपी दे. तो आजवर कानाने शिकलाय. तेलुगूचं मुळाक्षरांचं पुस्तक आण आणि काय होतं बघ. तो स्वतः जुळवतो ती वाक्यं जशीच्या तशी, चुकांसकट, देवनागरीत उतरवून मला पाठव. माझी एक मैत्रीण तेलुगूभाषक आहे, तिला दाखवून कळवते.

तुझी,
बाई