जीवशास्त्र मागे सुटलेली रसायन अभियंता

रसायन अभियांत्रिकीची पदवी घेऊन काही वर्षे खतनिर्मितीच्या कारखान्यात काम केलेली एक तरुणी सल्ल्यासाठी आली होती. एका जैवतंत्रज्ञान कंपनीच्या प्रक्रिया-विकास (प्रयोगशाळेतील पद्धत कारखान्याच्या प्रमाणावर नेणाऱ्या) विभागात तिची निवड झाली होती. परंतु शाळेनंतर जीवशास्त्राचे पुस्तकच उघडलेले नसल्याने सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्यांमध्ये आपला निभाव लागणार नाही, या धास्तीने ती नकार कळवण्याच्या बेतात होती. रसायन अभियंत्यांकडून ही शंका मी वारंवार ऐकतो.

मी तिला विचारले, की १० लिटरच्या पात्रात उत्तम वाढणारे जिवाणू १०,००० लिटरच्या किण्वनपात्रात नेले, तर आधी काय बिघडेल? तिने क्षणभर विचार केला आणि सांगितले, की पात्राचा आकार तसाच ठेवला तर आकारमान हजारपट होताना पृष्ठभाग शंभरपटच वाढेल आणि जिवाणूंची उष्णता बाहेर काढणे अवघड होईल. ऑक्सिजनचा मुद्दा मात्र मला पुढे करावा लागला. ३७ अंश सेल्सिअसला हवेच्या संपर्कातील पाण्यात लिटरमागे जेमतेम ७ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो आणि दाट वाढलेले जिवाणू तो काही सेकंदांत संपवतात. ढवळण्याचा वेग वाढवावा, तर त्या ऊर्जेचीही उष्णताच होते. हे ऐकताच ती म्हणाली, "म्हणजे हे वस्तुमान आणि उष्णता यांचे स्थानांतरणच झाले, आम्हा रसायन अभियंत्यांचाच विषय!" दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलिनच्या पहिल्या व्यावसायिक कारखान्याची रचना करणाऱ्या मार्गारेट हचिन्सन रूसो याही रसायन अभियंताच होत्या, हे तिला ठाऊक नव्हते.

जीवशास्त्राची उणीव नव्हतीच, असे मी म्हणणार नाही. सूक्ष्मजीवांची वाढ, त्यांचे चयापचय आणि प्रथिनांची स्थिरता एवढे तरी रुजू होण्यापूर्वी वाचावे, असे मी सुचवले. त्यातही प्रथिनांची स्थिरता महत्त्वाची, कारण बहुतेक प्रथिनांची रचना उष्णतेने बिघडत असल्यामुळे तिच्या सवयीचे ऊर्ध्वपातन (द्रव उकळून त्यातील घटक वेगळे करणे) येथे निरुपयोगी ठरते आणि क्रोमॅटोग्राफी (मिश्रण एका भरीव माध्यमातून वाहवून घटक वेगळे करणे) किंवा सूक्ष्म गाळणी यांवरच भिस्त ठेवावी लागते.

मला खरी काळजी वाटली ती तिच्या स्वभावाची. औषधनिर्मितीत बाहेरचा एखादा जंतू शिरला, तर अख्खी बॅच टाकून द्यावी लागते. ठरलेल्या पद्धतीपासूनच्या प्रत्येक विचलनाची नोंद व कारणमीमांसा करावी लागते आणि मान्यता मिळालेल्या प्रक्रियेतील महत्त्वाचा बदल नियामकांच्या संमतीशिवाय अमलात आणता येत नाही. शिवाय ई. कोलाय जिवाणू अनुकूल स्थितीत सुमारे २० मिनिटांत दुप्पट होत असले, तरी औषधनिर्मितीत वापरल्या जाणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या पेशींना त्यासाठी जवळजवळ एक दिवस लागतो, त्यामुळे एका निर्णयाचा परिणाम दिसायला आठवडे जातात. चालत्या संयंत्रात झडप फिरवून लगेच फरक पाहण्याची गोडी लागलेल्यांना हा संथपणा असह्य होतो. हे क्षेत्र सोडणाऱ्या ज्या अभियंत्यांशी मी बोललो, त्यांच्यापैकी बहुतेकांची तक्रार हीच होती.

तिने नोंदींचा कंटाळा कबूल केला, प्रतीक्षेचा नाही. नोकरी स्वीकारताना तिने सुरुवातीचा काळ किण्वन आणि शुद्धीकरण या दोन्ही विभागांत काढू देण्याची मागणी केली. कंपनीने ती मान्य केली, पण शुद्धीकरणासाठी थोडाच वेळ देऊ केला.