लेथवरचा जवान

प्रश्न : धाकटा कोल्हापुरातल्या टेंबलाईच्या टीए (प्रादेशिक सेना) मराठा बटालियनचा. सध्या घरी, शिरोलीत लेथ मशीनवर कामाला. मालकाशी वाजलं, तर तो म्हणतो, ‘कोर्ट मार्शलच करवतो.’ होईल का?
– एक आई, उचगाव

उत्तर : कुठलं हो ताई! प्रादेशिक सेना कायदा १९४८चा. कलम ९ म्हणतं, जवानाला लष्करी कायदा लागतो तो बोलावणं आल्यावर किंवा नियमित सैन्याला जोडल्यावर. एरवी तो तुमच्याआमच्यासारखा. वाजलंच तर पोलीस ठाणं.

नियमित सैनिक मात्र सुट्टीत रंकाळ्यावर भेळ खातानाही लष्करी कायद्याखालीच. मी २४ वर्षं तशीच भेळ खाल्ली.

मालकाला कलम ७-अ वाचायला द्या : बोलावण्यामुळं नोकरी सुटली, तर पोराला परत घ्यावं लागतं. डिस्चार्ज झाल्याचा कागद तेवढा जपा. माझा उंदरांनी खाल्ला होता.
– निवृत्त सुभेदार