8 किलोमीटरवर 300 एमबीपीएस वायरलेस लिंकसाठी कुठलं डिव्हाइस घेऊ?

60 गिगाहर्ट्झवालं बघूच नका, हवेतला ऑक्सिजनच किलोमीटरला 15 डीबीच्या (डेसिबल) आसपास सिग्नल खातो, 8 किमीवर काय उरणार! 5 गिगाहर्ट्झची एसी (802.11ac वाय-फायवाली) डिश घ्या, 27-29 डीबीआयची (अँटेनाची ताकद), दोन्ही टोकांना सेम, युबिक्विटीची पॉवरबीम वगैरे. इथरनेट पोर्ट गिगाबिट आहे ना ते आधी बघा, मी स्वस्तात एक जोडी घेतली होती, सिग्नल एकदम कडक पण स्पीड 94 एमबीपीएसच्या वर हलेना, पोर्टच 100 चा निघाला 😅 आणि समोरचा टॉवर नुसता दिसला म्हणजे झालं असं नाही हं, दोन्ही डिशना जोडणाऱ्या सरळ रेषेच्या मधोमध खाली निदान 6 मीटर मोकळं पाहिजे, झाडं पावसाळ्यात वाढतात तेही धरा. 80 मेगाहर्ट्झ चॅनल ठेवा, आजूबाजूला इतर सिग्नलची गर्दी असेल तर 40, मग 300 जेमतेम.