विंडोज परत टाकायचंय, पण फोटो आणि फाईल्स जायला नकोत

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून बहुतेक प्रश्न ऑपरेटिंग सिस्टिम टाकण्याबद्दलच येतायत. त्यातले पाच आज घेतोय.

प्रश्न : लॅपटॉप अधूनमधून निळी स्क्रीन दाखवून बंद पडतो. दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल, सगळा डेटा जाईल. दुसरा काही मार्ग नाही का?

आहे ना, आणि एक नाही दोन आहेत. विंडोज चालू होत असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून आयएसओ (विंडोज टाकायचं सगळं सामान असलेली एकच फाईल) उतरवा, डबलक्लिक करून उघडा, आतला सेटअप चालवा आणि ‘फाईल्स आणि अ‍ॅप्स ठेवा’ हा पर्याय घ्या, म्हणजे सिस्टिमच्या फाईल्स नव्याने बसतात आणि तुमची टॅली, प्रिंटर, लग्नाचे फोटो सगळं जागच्या जागी राहतं. फक्त आयएसओ तुमच्या विंडोजच्याच भाषेची घ्या, नाहीतर तो पर्याय मिळत नाही. दुसरा मार्ग सेटिंग्जमधलं रिसेट, त्यात ‘कीप माय फाईल्स’ घेतलं तर फाईल्स राहतात पण टाकलेले प्रोग्रॅम उडतात. सगळं पुसून टाकणं हा शेवटचा मार्ग, पण दुकानात रांग असते त्यामुळे पहिला तोच वापरला जातो.

तरीही डेटाची कॉपी बाहेरच्या हार्डडिस्कवर आधी घ्याच, कुठलाही मार्ग असो. आणि निळी स्क्रीन येतेय म्हणजे डिस्कच मरत असू शकते, क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे त्यात डिस्कची तब्येत बघा, तिथे ‘बॅड’ किंवा ‘कॉशन’ दिसलं तर इन्स्टॉल करत बसू नका, आधी डेटा काढा आणि डिस्क बदला.

अजून एक, हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप बिटलॉकरने (विंडोजमधली डिस्कला कुलूप लावणारी सोय) लॉक होते. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) काही बदललं की तो ४८ आकडी रिकव्हरी की मागतो आणि ती नसेल तर डेटा कुणालाच काढता येत नाही, कंपनीलाही नाही. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, आजच उघडून वहीत लिहून ठेवा.

प्रश्न : आयएसओ पेनड्राईव्हवर कॉपी केली पण लॅपटॉप त्यावरून चालूच होत नाही.

नुसती कॉपी करून होणार नाही, पेनड्राईव्ह बूटेबल, म्हणजे लॅपटॉप त्यावरून चालू होईल असा, करावा लागतो. ८ जीबीचा पेनड्राईव्ह पुरतो, त्यातलं आधीचं सगळं जातं हे लक्षात ठेवा. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरा किंवा रूफस, दोन्ही फुकट. मग लॅपटॉप चालू होताना बूट मेनूचं बटण दाबत राहायचं, डेल आणि लेनोवोला साधारण एफ१२, एचपीला एफ९, आणि यादीतून पेनड्राईव्ह निवडायचा.

प्रश्न : नवीन लॅपटॉप आहे. इन्स्टॉल करताना डिस्कची यादी रिकामी दिसते. डिस्क गेली का?

बहुतेक नाही. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असतं आणि विंडोजच्या सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर (ते ओळखायला लागणारा छोटा प्रोग्रॅम) नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साईटवरून तुमच्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर घ्या, अनझिप करून पेनड्राईव्हवर ठेवा आणि त्याच स्क्रीनवर ‘लोड ड्रायव्हर’ करून दाखवा. व्हिडिओत सांगतात तसं बायोसमध्ये व्हीएमडी बंद करू नका, आत आधीचं विंडोज असेल तर ते चालू व्हायचंच थांबेल.

प्रश्न : २०१२ चा आय-थ्री लॅपटॉप, ४ जीबी रॅम. मुलगी अभ्यासाला वापरते. विंडोज ११ टाकू का?

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, तुमच्याकडे दोन्ही नाही. रूफस ही अट काढून टाकतो, जमतं ते, पण अशा मशीनला अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि ४ जीबीवर ते रडतरखडत चालेल. माझं मत विचाराल तर एक एसएसडी बसवा आणि लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका, असं मशीन भंगारात घालायला माझं मन होत नाही. ब्राऊझर, लिबरऑफिस, व्हिडिओ सगळं चालतं, मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधूनच चालू होतो. घरात कुणी श्रीलिपी या विंडोजवरच्या मराठी सॉफ्टवेअरवर टायपिंगची कामं घेत असेल तर मात्र विंडोज ठेवावंच लागेल.

मिंटचं छान हे की पेनड्राईव्हवरूनच आधी चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. वायफाय, आवाज, कॅमेरा तपासा, मुलीला बसवा, तिला पटलं तर इन्स्टॉल करा. फक्त ‘इरेज डिस्क’ हा पर्याय नीट वाचा, त्यात सी बरोबर डी ड्राईव्हपण जातो. लोकांना वाटतं डी मध्ये ठेवलंय म्हणजे सुरक्षित आहे आणि तिथेच घात होतो.

प्रश्न : विंडोज परत टाकल्यावर की (विंडोजच्या परवान्याचा कोड) विकत घ्यावी लागते का?

लॅपटॉपबरोबर आलेलं विंडोज असेल तर नाही. विंडोज ८ पासून ती की मदरबोर्डवरच्या चिपमध्येच असते. सेटअपने मागितलीच तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडा, आधी होती तीच आवृत्ती घ्या (आपल्याकडे बऱ्याचदा होम सिंगल लँग्वेज असते), नेट जोडलं की ॲक्टिव्हेट होतं. दुकानात टाकून घेणार असाल तर देण्याआधी सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानाचा फोटो काढा. होम दिलं आणि प्रो परत आलं तर बहुधा क्रॅक (परवान्याशिवाय विंडोज चालवणारा चोरटा प्रोग्रॅम) मारलेला असतो, आणि तो चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद करून ठेवलेला असतो, मग त्याच मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकता. पैसे द्यायच्या आधी तिथेच उघडून बघा आणि तुमची मूळ आवृत्ती परत टाकून मागा.