सहकारी सोसायटीच्या जमिनीवर खरोखर वेगळं, देखणं घर उभं राहू शकतं का?

हो, नक्की राहू शकतं. तुम्ही लिहिलंय की नव्या सोसायटीत प्लॉट मिळालाय आणि सगळे सांगतात, 'सोसायटी म्हणजे एकसारखे बंगले, वेगळं काही डोक्यात आणू नका.' मी आर्किटेक्ट आहे आणि हे वाक्य ऐकलं की मला दरवेळी 'युसोनिया' आठवतं.

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, प्लेझंटव्हिलजवळ ही वसाहत आहे. डेव्हिड हेन्केन नावाचा तरुण इंजिनीयर विख्यात अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटच्या विचारांनी भारावला आणि 1944 साली त्याने समविचारी कुटुंबांची सहकारी संस्था काढली. ही माणसं श्रीमंत नव्हती. एका सभासदाला एक मत, हा इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या जुन्या सहकारी संस्थेपासून चालत आलेला नियम त्यांचाही होता. त्यांनी 97 एकर डोंगराळ, झाडीची जमीन घेतली आणि राइटने तिचा आराखडा केला.

त्या आराखड्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे गोल प्लॉट. प्रत्येक घराला साधारण एकराचं एक वर्तुळ. वर्तुळं शेजारीशेजारी ठेवली की मध्ये फटी उरतातच. त्या फटींची जमीन सगळ्यांची. चौकोनी प्लॉटला चारी बाजूंनी शेजारी चिकटतो आणि मग पहिलं काम निघतं कंपाउंड वॉलचं. इथे कुंपणं नाहीतच, त्यामुळे घराला डोंगराच्या उताराप्रमाणे, उन्हाच्या दिशेने हवं तसं वळता आलं. एकूण 47 घरं झाली. त्यांतली तीन खुद्द राइटची, बाकीची त्याच्या शिष्यांची आणि इतर आर्किटेक्टची. पण नकाशे मंजुरीला राइटकडे जायचे. म्हणजे शिस्त होती, फक्त ती साच्याची नव्हती.

राइटच्या त्या तीन घरांतलं रोलंड रायझली यांचं घर (1951) जरूर बघा, फोटो भरपूर मिळतात. रायझली पंचविशीतले भौतिकशास्त्रज्ञ, राइट ऐंशी ओलांडलेला. घराचा सगळा हिशोब 60 अंशांच्या त्रिकोणांवर आहे. काँक्रीटच्या जमिनीवर त्या त्रिकोणांच्या जाळीच्या रेघा ओढल्या आहेत आणि भिंती त्या रेघांवरून चालतात. काटकोन शोधावा लागतो! जमिनीखालून गरम पाण्याचे पाइप जातात, तोच हिवाळ्यातला हीटर. भिंती दगडाच्या, बाकी सायप्रस लाकूड. पुढे कुटुंब वाढलं तेव्हा 1956 मध्ये राइटनेच घर वाढवून दिलं, आणि जोड दिसत नाही. ज्या जाळीत पहिलं घर बसलं त्याच जाळीत पुढचं बसलं, म्हणून हे जमलं. रायझली तिथे अनेक दशकं राहिले आणि त्यांनी वारंवार सांगितलंय की या घरात काहीतरी सुंदर दिसलं नाही असा एकही दिवस गेला नाही. घराला याहून मोठं सर्टिफिकेट मला ठाऊक नाही.

अडचणी मात्र आल्या, आणि त्या तुमच्याही कामाच्या आहेत. खर्च अंदाजाच्या बराच वर गेला. बँका कर्ज देईनात, कारण घरं विचित्र आणि मालकी सामूहिक. सुरुवातीला जमीन आणि घर दोन्ही संस्थेचं, सभासदाकडे फक्त दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा. शेवटी 1955 मध्ये घरं सभासदांच्या नावावर झाली. सामायिक जमीन आणि रस्ते मात्र संस्थेकडेच राहिले.

आपल्याकडेही हा फरक नियमांतच आहे. टेनंट को-पार्टनरशिप सोसायटीत जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेच्या. टेनंट ओनरशिपमध्ये जमीन संस्थेची, त्यावरचं घर सभासदाचं. प्लॉटवर बंगला बांधायचा असेल तर तुमची बहुधा दुसऱ्या प्रकारची असेल, पण उपविधी (सोसायटीचे बाय-लॉज) मागवून स्वतः वाचा. बांधकामाच्या बाह्यरूपावर त्यात खरंच काही बंधन आहे की ती नुसती ऐकीव गोष्ट आहे, हे तिथेच कळेल. आणि लेआउट अजून मंजुरीला गेला नसेल तर पुढच्या सर्वसाधारण सभेत एवढं तरी मांडा: प्लॉटमधल्या हद्दीवर भिंतींऐवजी झाडं लावायची आणि मोकळी जागा एका कोपऱ्यात न ढकलता घरांच्या मधून फिरवायची. लेआउट एकदा मंजूर झाला की तो बदलायला फार यातायात पडते.