गेटपासून गाडीपर्यंत

प्रिय लेकी,

तुझी मेल वाचली. ‘मावशी, टेक्सासमध्ये आता परवानाही लागत नाही, मग प्लँटच्या पार्किंगमध्ये गाडीत पिस्तूल ठेवलं तर कंपनी काय करणार?’ असं तू विचारलंयस. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं, पण तुझ्या बाबतीत ते अर्धवट राहिलं असतं. तू केमिकल प्लँटमध्ये काम करतेस, तुझ्याकडे ग्रीन कार्ड आहे आणि तुझा नवरा एच-१बीवर आहे. यातल्या प्रत्येक गोष्टीने उत्तर बदलतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

सुरुवात जावईबापूंपासून करते, कारण काही चुकलं तर सगळ्यात मोठा फटका त्यांना बसेल. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ हे सगळे ‘नॉनइमिग्रंट’, म्हणजे कायम वास्तव्याचे नसलेले व्हिसा. अशा व्हिसावर आलेल्या माणसाला फेडरल कायद्याने पिस्तूल तर सोडच, एक काडतूसही जवळ ठेवता येत नाही. टेक्सास कितीही मोकळं असलं तरी इथे राज्याचं काही चालत नाही. या गुन्ह्याची कमाल शिक्षा २०२२ पासून १५ वर्षं आहे. आणि ‘जवळ ठेवणं’ म्हणजे फक्त हातात धरणं नव्हे. पिस्तूल कुठे आहे हे माणसाला माहीत असेल आणि ते त्याला सहज घेता येत असेल, तर सरकारी वकील त्याला ताबा म्हणू शकतो. तुमची गाडी एकच. तू नाईट करून येऊन झोपतेस आणि तो तीच गाडी घेऊन ऑफिसला जातो. सीटखाली पिस्तूल तसंच राहिलं आणि बेल्टवेवर, म्हणजे शहराभोवतीच्या हायवेवर, पोलिसांनी थांबवलं, तर उत्तरं तुला नाही, त्याला द्यावी लागतील.

या बंदीला काही अपवाद आहेत, त्यातला एक शिकारीच्या परवान्याचा. एच-१बीवरची बरीच मुलं हंटिंग लायसन काढून शूटिंग रेंजवर जातात, हे मला माहीत आहे. अपवाद खरा आहे, पण त्याच्या भरवशावर घरात हत्यार आणण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, मित्रांच्या ग्रुपवर विचारून भागणार नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात असाच एक खटला गेला होता. फ्लोरिडात शिकायला आलेला एक मुलगा शूटिंग रेंजवर गेला, तिथे भाड्याने पिस्तूल घेऊन त्याने गोळ्या झाडल्या. विद्यापीठाने आधीच काढून टाकल्यामुळे त्याचा व्हिसा उरला नव्हता. कोर्टाने म्हटलं, आपण कोणत्या दर्जावर इथे आहोत हे त्या माणसाला ठाऊक होतं, हे सरकारने सिद्ध केलं पाहिजे. पण आपला व्हिसा कोणता हे आपल्या जावईबापूंना पक्कं ठाऊक आहे, त्यामुळे या निकालाचा त्यांना काही उपयोग नाही.

तुझ्या ग्रीन कार्डावर तुला पिस्तूल घेता येतं. तरीही तू नागरिक नाहीस, हे कायम डोक्यात ठेव. हत्याराचा गुन्हा सिद्ध झाला तर ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं. शेजारच्या अमेरिकन बाईचं जे दंडावर निभावेल, ते तुझं निभावेलच असं नाही.

आता पार्किंगचं. या कायद्यांची सुरुवात ओक्लाहोमातल्या व्हॅलियंट नावाच्या छोट्या गावात झाली. ऑक्टोबर २००२ मध्ये तिथल्या वेअरहाउजर कंपनीच्या कागद कारखान्यात कुत्री आणून कामगारांच्या गाड्या तपासल्या गेल्या. ज्यांच्या गाड्यांत बंदुका सापडल्या त्यांना कामावरून काढलं. शिकारीचा मुलूख तो, पिकअपमध्ये बंदूक असणं तिथे नवलाचं नव्हतं. कामगार कोर्टात गेले, पण पुढे हरले. गावात संताप झाला आणि २००४ मध्ये ओक्लाहोमाने कायदाच केला, की कुलूपबंद गाडीतल्या बंदुकीला मालकाने मनाई करायची नाही. मोठ्या कंपन्यांनी त्याला आव्हान दिलं. खालच्या कोर्टाने कायदा अडवला, पण २००९ मध्ये वरच्या फेडरल कोर्टाने तो वैध ठरवला. त्याच सुमारास फ्लोरिडानेही असा कायदा केला आणि आज जवळपास निम्म्या राज्यांत या ना त्या स्वरूपात तो आहे. लोक या भांडणात अमेरिकन घटनेची दुसरी दुरुस्ती, म्हणजे हत्यार बाळगण्याचा हक्क, मध्ये आणतात. पण ती दुरुस्ती सरकारचे हात बांधते, खाजगी मालकाचे नाही. पार्किंगमध्ये तुला जो काही हक्क आहे, तो राज्याच्या विधिमंडळाने दिलेला आहे आणि त्यांनी दिला तेवढाच आहे.

टेक्सासचा कायदा १ सप्टेंबर २०११ पासून लागू आहे. तुझी स्वतःची गाडी असेल, ती कुलूपबंद असेल आणि हत्यार कायदेशीर असेल, तर ते कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडीत ठेवायला मालक मनाई करू शकत नाही. इमारतीच्या आत मात्र त्याला पूर्ण बंदी घालता येते. कंपनीने दिलेली गाडी यात येत नाही, त्यामुळे साइटवर फिरायला मिळणाऱ्या पिकअपमध्ये कधीच काही ठेवू नकोस. शाळांनाही वगळलेलं आहे.

आणि वगळलेल्यांच्या त्याच यादीत केमिकल प्लँट आणि रिफायनऱ्याही आहेत. पासाडिना, डीअर पार्क, ला पोर्ट, बेटाऊन, ह्यूस्टनच्या शिप चॅनलच्या काठाने जे काही उभं आहे, त्यातलं बहुतेक यात येतं. जिथे ज्वालाग्राही किंवा स्फोटक माल बनतो किंवा साठवला जातो, तिथे मालकाला पार्किंगमध्येसुद्धा मनाई करता येते. पण कायद्याने यातूनही एक वाट ठेवली आहे: ज्या कर्मचाऱ्याकडे राज्याचा पिस्तूल बाळगण्याचा परवाना आहे आणि ज्याची गाडी प्लँटच्या सुरक्षित हद्दीबाहेर, म्हणजे गार्ड बसलेल्या गेटच्या बाहेरच्या लॉटमध्ये उभी आहे, त्याला मनाई करता येत नाही. म्हणजे २०२१ पासून २१ वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं हे खरं असलं, तरी तुझ्या पार्किंगसाठी परवाना लागतोच. बातम्यांत ‘परवाना रद्द’ एवढंच आलं आणि प्लँटमधली कितीतरी माणसं त्यावर विसंबून आहेत. मी सेफ्टीत असताना दर टर्नअराउंडच्या, म्हणजे प्लँट बंद ठेवून करायच्या मोठ्या दुरुस्तीच्या आधी हे समजावून सांगायचे, तरी लोकांना ते नवीनच वाटायचं. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांचा प्रश्न आणखी वेगळा. कायदा मालक आणि त्याचा कर्मचारी यांच्याबद्दल बोलतो, दुसऱ्याच्या साइटवर कामाला आलेल्यांनी आपल्या कंपनीकडून लेखी घ्यावं हे बरं.

तेव्हा आधी परवाना काढ. वर्ग असतो, लेखी परीक्षा असते आणि रेंजवर ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्या झाडून ७० टक्के गुण मिळवावे लागतात. फी ४० डॉलर. परीक्षा अवघड नाही, आणि तेवढ्यावर थांबणाऱ्यांची मला भीती वाटते. कागद हातात आला म्हणजे हात तयार झाला असं नसतं.

कंपनीच्या हँडबुकमधलं शस्त्रांचं पान काढून नीट वाच. त्यात सरसकट ‘कंपनीच्या मालमत्तेवर’ असं लिहिलेलं असेल आणि पार्किंगबद्दल अवाक्षर नसेल, तर एचआरला मेलवर विचार. तुझ्याकडे पिस्तूल आहे असं त्यात लिहायची गरज नाही, फक्त बाहेरच्या लॉटला नियम कसा लागू होतो एवढंच विचार. टेक्सासमध्ये मालक कोणालाही कारण न देता काढू शकतो, आणि या पार्किंगच्या कायद्यात मालकाने तो मोडला तर त्याला काय शिक्षा, हे लिहिलेलंच नाही. मिसिसिपीत एका कामगाराला गाडीतल्या बंदुकीवरून काढलं, तेव्हा तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये त्याला दावा लावता येतो असं म्हटलं. पण तोवर तो माणूस नोकरीविना किती दिवस कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिला असेल, याचा विचार कर.

आता मला खरं जे बोलायचंय ते. मेलच्या शेवटी, जाता जाता लिहावं तसं तू लिहिलंयस, की टर्नअराउंडला आलेला एक माणूस शिफ्ट सुटल्यावर तुझ्यामागून लॉटपर्यंत येतो, एकदा तुझ्या गाडीला टेकून उभा होता, आणि तू हे कोणाला सांगितलेलं नाहीस. लेकी, पिस्तुलाचा विचार तुझ्या डोक्यात यातूनच आलाय ना?

मग शिफ्ट सुटतानाचा रस्ता डोळ्यांसमोर आण. तू कंट्रोल रूममधून निघतेस, हेल्मेट आणि एफआरसी, म्हणजे आगीपासून वाचवणारे कपडे, लॉकरमध्ये ठेवतेस, टर्नस्टाइलवर, म्हणजे गेटच्या फिरत्या दांड्यावर, बॅज टेकवतेस, गार्डच्या केबिनवरून पुढे जातेस आणि मग तो लांबलचक खडीचा लॉट ओलांडतेस. या सगळ्या वाटेवर तुझे हात रिकामे असतात, कारण पिस्तूल आत नेणं हा सरळ नोकरी जाण्याचा मामला आहे. ते गाडीत, पेटीत, कुलपात. आणि तो माणूस उभा असतो तुझ्या आणि गाडीच्या मध्ये. पार्किंगचा कायदा घर ते प्लँट हा प्रवास सोडवतो. गेट ते गाडी हे अंतर तो सोडवत नाही, आणि तुला भीती आहे ती त्याच अंतराची.

माझ्याकडे स्वतःकडे परवाना आहे, मी पिस्तुलाच्या विरोधात नाही. पण या माणसाचा बंदोबस्त करायचं साधन तुझ्या कंपनीकडे आजच तयार आहे. त्याचा बॅज. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाचा प्रवेश प्लँट एका दिवसात बंद करू शकतो. टर्नस्टाइलवर तो कधी बाहेर पडला याची नोंद असते, लॉटवर कॅमेरे असतात. मात्र कॅमेऱ्यातलं चित्रीकरण काही काळाने पुसलं जातं, म्हणून उशीर करू नकोस. तारीख, वेळ, तो नेमका काय बोलला, कुठे उभा होता, हे सगळं लिहून सुपरवायझर आणि एचआर दोघांना एकाच मेलमध्ये पाठव. त्यातच तीन मागण्या कर: कॅमेऱ्याचं चित्रीकरण राखून ठेवा, शिफ्ट सुटताना गार्ड गाडीपर्यंत सोबत येईल असं बघा, आणि माझी गाडी केबिनजवळ लावू द्या. त्रास देणारा कॉन्ट्रॅक्टरचा असला तरी, कळल्यावर पावलं उचलणं ही तुझ्या मालकाची जबाबदारी आहे, आणि तक्रार केली म्हणून तुला छळणं बेकायदा आहे. ‘उगाच बोभाटा’ हा शब्द मनात आणू नकोस. तो माणूस तुझ्या गप्प बसण्यावरच हे सगळं करतोय.

हे केल्यानंतरही पिस्तूल घ्यावंसं वाटलं, तर घे. तेव्हाचं थोडक्यात सांगते. ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवू नकोस, काच फोडणारा पहिला हात तिथेच घालतो. जाड पोलादी तारेने सीटच्या सांगाड्याला बांधलेली पेटी घे, आणि बंदुकीच्या ब्रँडचा स्टिकर काचेवर लावू नकोस. लॉटमध्ये पोहोचल्यावर पिस्तूल होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या म्यानातून, उपसायचं नाही. होल्स्टरसकट कमरेवरून काढायचं, सीटच्या पातळीखालीच धरून पेटीत ठेवायचं, कुलूप लावायचं आणि मग दार उघडायचं. अपघाताने गोळी सुटते ती बहुधा अशाच काढघालीत. आणि शेजारच्या गाडीतल्या कोणी तुझ्या हातात पिस्तूल पाहिलं, तर पाच मिनिटांत प्लँटचं गेट बंद होईल. घरी पोहोचलीस की पेटी रिकामी करायची, रोज. नवऱ्याच्या हातात किल्ली देण्याआधी तर नक्कीच. घरातल्या तिजोरीचा आकडाही फक्त तुला माहीत असावा.

पोस्टात जाताना गाडीत नको. आवारातल्या पार्किंगलाही त्यांचा नियम लागू होतो, आणि २००९ मध्ये लुइझियानातल्या पोस्टाच्या एका कर्मचाऱ्याची याच कारणावरून झालेली शिक्षा वरच्या कोर्टाने कायम ठेवली. या नियमावर कोर्टात अजून वाद चालू आहेत, ते दुसऱ्यांना लढू दे. गणपतीचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये असेल त्या दिवशी पिस्तूल घरीच. आणि बहिणीकडे एडिसनला गाडीने जाणार असाल तर तेव्हाही घरीच. न्यू जर्सी टेक्सासचा परवाना मानत नाही. तिथे परवान्याशिवाय पिस्तूल बाळगल्याबद्दल दोषी ठरलीस, तर नियमाने किमान साडेतीन वर्षं पॅरोल नाही.

मेलचा मसुदा आज रात्रीच कर आणि पाठवण्याआधी मला दाखव. हँडबुकच्या त्या पानाचा फोटोही पाठव. आज नाईट असेल तर सुटताना गार्डला सांग, मला गाडीपर्यंत सोडा म्हणून. त्याला कारण सांगत बसू नकोस. गाडीत बसलीस, दारं लॉक केलीस की मला मेसेज टाक. मी जागी आहे.

तुझी,
मावशी